एका विषयाची एकच फाइल

३ मार्च, मंगळवार

आत्या एकोणतीस तारखेला नव्वदीची होणार. सगळं घराणं जमणार, बेचाळीस माणसं. घराण्याचा वंशवृक्ष मोठ्या कागदावर छापून हॉलच्या भिंतीवर लावायचा, ही कल्पना माझी. (बोलून दाखवली पुतणीने, पण माझ्या मनात आधीपासून होती.)

अडचण एवढीच की वंशवृक्ष दोन आहेत. एक माझा. अकरा वर्षांची मेहनत, कॉम्प्युटरवर ४१२ माणसं, एकूणएक तपासलेली. दुसरा थोरल्याचा. थोरला म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, निवृत्त भूगोल शिक्षक. नऊ वर्षं आमचं बोलणं नाही. आत्याने फोनवर बजावलं की या वयात तिला दोन झाडं बघायची नाहीत, दोघांनी मिळून एकच आणा.

मी ताबडतोब ग्रुपवर कळवलं, एकत्र करायचं काम माझ्याकडे. सगळ्यांनी अंगठे दिले. थोरल्यानेही दिला. बिचारा. आपली शेंडी आपणच माझ्या हातात दिली हे त्याच्या गावीही नाही.

नऊ वर्षांपूर्वी, आई गेल्यावर, तिच्या कागदपत्रांचा पत्र्याचा डबा त्याने उचलला. मी म्हटलं, माझ्याकडे राहू दे, मी रेकॉर्डचा माणूस. तर चारचौघांत म्हणाला, "तुझ्याकडे ओल येते." पाणीपुरवठा खात्यात एकोणतीस वर्षं काढलेल्या माणसाला.

आमच्याकडे ओल येत नाही. कपाटामागे एक डाग आहे.

५ मार्च, गुरुवार

पुतणीने थोरल्याची फाइल ईमेलने पाठवली. सोबत सूचना. काका, आधी तुमच्या फाइलचा बॅकअप घ्या. मग बाबांची फाइल वेगळ्या रिकाम्या झाडात उघडून नीट बघा. मगच हळूहळू एकत्र करा, नाहीतर एकच माणूस दोनदा येईल, किंवा दोन माणसं एक होतील.

मुलगी गोड आहे पण बापावर गेली आहे. मी रेकॉर्ड शाखेचा प्रमुख होतो. एकोणतीस वर्षांत माझ्या शाखेत एका विषयाची दुसरी फाइल उघडली गेली नाही. 'एका विषयाची एकच फाइल' ही पाटी मी स्वतः रंगवून टेबलामागे लावली होती.

तरी बॅकअप घेतला. लहानांचं मन राखावं.

६ मार्च, शुक्रवार. सकाळी १०

रिकाम्या झाडात वगैरे उघडत बसलो नाही. सरळ माझ्या झाडावर इम्पोर्ट केली. दोन मिनिटांत झालं. कशाला घाबरतात लोक.

थोरल्याची माणसं ६५५. माझ्यापेक्षा जास्त असणं शक्य नाही. नक्की फुगवलेली.

सकाळी ११

त्याच्या नोंदींत स्वतःला शोधलं. नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर. व्यवसाय: कारकून.

दुपारी ४

जेवण गेलं नाही. कारकून. शाखाप्रमुख होतो मी, हाताखाली चार माणसं होती. (दोन. पण दोन जागा मंजूर होत्या.)

संध्याकाळी ६

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, लग्न ठरलं तेव्हा कारकूनच होतात की. ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे, दिवसभर लोकांचं विव्हळणं ऐकते, त्यामुळे घरी तिला कशाचं काही वाटत नाही.

सूड ठरला. एक, थोरल्याची फांदी कागदाच्या अगदी कडेला, बारीक अक्षरात. दोन, प्रोग्रॅममध्ये प्रत्येकाच्या नोंदीत 'शारीरिक खूण' असा एक रकाना आहे. थोरल्याच्या पुढे लिहिलं: टक्कल. छापताना हा रकाना नावाखाली येईल अशी सोय केली. शांत झोप लागेल असं वाटतं.

८ मार्च, रविवार

जोड्या जुळवणं सुरू. प्रोग्रॅम स्वतःच संशयित शोधतो. 'संभाव्य एकच व्यक्ती: ३८८ जोड्या.' डावीकडे माझी नोंद, उजवीकडे थोरल्याची. खाली तीन बटणं. 'एकच व्यक्ती', 'वेगळ्या व्यक्ती', 'नंतर ठरवू'.

'नंतर ठरवू' हे बटण मी वापरणार नाही. त्या एका बटणावर आमच्या खात्यातले तीन साहेब निवृत्त झाले.

आज एकतीस जोड्या. जिथे जिथे माहिती जुळत नाही तिथे माझी ठेवतो, त्याची टाकतो. काही ठिकाणी त्याची बरोबर होती. तरी टाकली. तत्त्वाचा प्रश्न आहे.

९ मार्च, सोमवार. दुपारी १२.२०

ही वेळ मुद्दाम लिहून ठेवतो. थोरला सापडला.

त्याच्या फाइलीत मी दोनदा आहे. एक तो कारकून. दुसरी नोंद आई-बाबांच्याच खाली, त्याच्या आणि माझ्या मध्ये. नावाची जागा रिकामी. नऊ वर्षं माझं नाव घेतलं नाही, लिहिताना तरी कशाला घेईल. जन्म माझ्या चौदा महिने आधी. लिंग: स्त्री. आणि कहर म्हणजे मृत्यूची तारीखही आहे, जन्मापासून अकराव्या दिवशीची.

मला मुलगी केलं आणि मारूनही टाकलं. एका नोंदीत चार चुका. माणूस इतका द्वेष करू शकतो?

आमच्या घरात दोनच मुलं, हे शाळेतलं पोर सांगेल. प्रोग्रॅमने लाल अक्षरांत विचारलं, लिंग जुळत नाही, खात्री आहे का? खात्री आहे. 'एकच व्यक्ती' दाबलं. माहिती कोणाची ठेवायची? माझी. सगळी माझी.

आता मी एकच आहे.

११ मार्च, बुधवार

चार दिवसांत शहाण्णव जोड्या. हा वेग परवडणार नाही, छपाईवाल्याला कच्ची प्रत द्यायची आहे. कोपऱ्यात चौथं बटण सापडलं: 'उरलेल्या सर्व जोड्या एकदम जुळवा.' पुतणीने याबद्दल काही सांगितलं नव्हतं. (सांगितलं होतं, दाबू नका म्हणून. आत्ता ईमेल पुन्हा पाहिला.)

दाबलं. पाच सेकंद. १०६७ मधून ३८८ गेले, राहिले ६७९. हिशेब चोख.

मग साफसफाई. जुना बॅकअप म्हणजे दुसरी फाइलच की. उडवला. थोरल्याची मूळ फाइल उडवली. पेन ड्राइव्हवरची उडवली. शेवटी पुतणीचा ईमेलही उडवला आणि कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. एका विषयाची एकच फाइल. छाती भरून आली.

बायको म्हणाली कपाटामागून वास येतोय. मी म्हटलं जुन्या लाकडाचा.

१३ मार्च, शुक्रवार. सकाळी ९

घराण्याच्या ग्रुपवर 'दुरुस्तीपत्रक क्रमांक एक' टाकलं. थोरल्याच्या फाइलीतल्या तेवीस चुका, क्रमवार. पहिल्या क्रमांकावर अर्थात माझी. शब्द मोजून मापून लिहिले: 'ज्या संकलकास आपला सख्खा भाऊ मुलगा की मुलगी, जिवंत की मृत, हेही ठाऊक नाही, त्याच्या उर्वरित माहितीविषयी काय बोलावे.'

बेचाळीस जण बघतील.

रात्री ८

एकोणचाळीस जणांनी वाचलं. एकही उत्तर नाही. लोक दिपले आहेत.

१४ मार्च, शनिवार

थोरला ग्रुपमधून बाहेर पडला. न बोलता. नऊ वर्षांचं उट्टं एका परिपत्रकात निघालं. पेढे वाटावेत असं वाटलं, पण कोणाला वाटणार.

संध्याकाळी ५

छपाईवाल्याकडून कच्ची प्रत आली. जेवणाच्या टेबलावर पसरली. थोरल्याची फांदी कडेला दिसेना. बारीक अक्षरांतही दिसेना. बायकोने चष्मा लावला आणि सगळ्यात वर बोट ठेवलं.

आमच्या घराण्यात आजोबांचं नाव नातवाला देतात. थोरल्याला आजोबांचं नाव आहे. 'सर्व जोड्या एकदम' म्हटल्यावर प्रोग्रॅमने दोघांना एक करून टाकलं. थोरला आता घराण्याचा मूळपुरुष आहे. सगळ्या झाडाच्या वर, ठळक अक्षरात, चौकटीत. खाली 'टक्कल'. मी त्याचा नातू.

बायको म्हणाली, "आता भाऊजींना अहोजाहो करावं लागेल तुम्हाला." आणि हसत हसत आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

घाबरण्याचं कारण नाही. मागे जायचं बटण असतं.

संध्याकाळी ७

मागे जायचं बटण प्रोग्रॅम बंद करेपर्यंतच चालतं. मी तीनदा बंद केला आहे.

१५ मार्च, रविवार

सकाळी आत्याचा फोन. ती ग्रुपवर नाही, तिच्या सुनेने तिला पत्रक वाचून दाखवलं. मला वाटलं शाबासकी.

ती म्हणाली, "अरे, ती तू नाहीस. ती तुझी बहीण."

मी म्हटलं मला बहीण नाही.

आत्याने सांगितलं ते तिच्याच क्रमाने लिहून ठेवतो. माझ्या आधी एक मुलगी झाली होती. अकरा दिवस होती. बारशाआधीच गेली म्हणून नाव नाही. थोरला तेव्हा सहा वर्षांचा. दुपारी आई झोपली की पाळण्याची दोरी त्याच्या हातात देत. त्या दुपारी दोरी हातात असताना त्याचा डोळा लागला. उठला तेव्हा घरात माणसं जमलेली. कोणी त्याला एका शब्दाने बोललं नाही, डॉक्टरांनी सांगितलं होतं की मूल पहिल्यापासून अशक्त होतं. पण पोराने आपल्या मनाशी काय ते ठरवून टाकलं.

मग मी झालो. आत्या म्हणाली, "तू वर्षाचा होईपर्यंत तो दुपारी झोपला नाही. दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून बसायचा. उद्या त्याला फोन कर."

मी म्हटलं बघतो.

१६ मार्च, सोमवार

काही नाही.

१७ मार्च, मंगळवार

फोन करायची गरज नाही. चूक रेकॉर्डची आहे, रेकॉर्डमध्येच दुरुस्त होईल. तिची नोंद पुन्हा तयार करतो, थोरल्याची आणि आजोबांची जोडी सोडवतो, पत्रक मागे घेतो, विषय संपला.

नवी नोंद उघडली. आई-बाबा जोडले. लिंग लिहिलं. जन्मतारीख.

जन्मतारीख मला माहीत नाही. नऊ तारखेला डोळ्यांसमोर होती, दिवस, महिना, सगळं. इथे उतरवलं ते फक्त 'चौदा महिने आधी'. मी फक्त चूक बघितली. मग 'माहिती माझी ठेवा' म्हटलं आणि ती गेली.

आत्याला विचारलं. तिला ऊन आठवतं, तारीख आठवत नाही. पुतणीला फोन केला, ती फाइल पुन्हा पाठव. ती म्हणाली, नाही. मी म्हटलं, नाही म्हणजे? ती म्हणाली, "काका, त्या एका नोंदीसाठी बाबांनी दोन वर्षं धीर गोळा केला होता. आता त्यांच्याकडेच मागा." पत्रक तिनेही वाचलं आहे. एकोणचाळीसमध्ये ती होती हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

१८ मार्च, बुधवार. सकाळी १०

आज फोन करायचा. आधी मुद्दे लिहून काढले.

दुपारी १

त्याच्या जेवणाची वेळ. बरं दिसत नाही.

दुपारी ३

झोपला असेल. (मग आठवलं की त्याला दुपारी झोपायची सवय नाही. लहानपणी मी चिडवायचो त्यावरून.)

संध्याकाळी ६.१०

केला. त्यानेच उचलला. मुद्द्यांचा कागद समोर होता. मी म्हटलं, "दादा, माझ्याकडून फाइल उडाली."

तो म्हणाला, कोणती. मी म्हटलं, सगळ्याच. बॅकअप? उडवला. पुतणीचा ईमेल? तोही. मग त्याने विचारलं की रेकॉर्ड शाखेत तुला एकोणतीस वर्षं ठेवून कसं घेतलं.

एरवी मी फोन आपटला असता.

शनिवारी येतो म्हणाला.

२० मार्च, शुक्रवार

उद्यासाठी तयारी. कपाट दोन फूट सरकवून डाग पूर्ण झाकला. डाग आता कपाटाच्या दोन्ही बाजूंनी दिसतो. कॅलेंडर लावलं. दुसरीकडे दुसरं कॅलेंडर लावलं. बायकोने विचारलं, मार्च दोनदा कशाला? हे बोलणं मला लागलं.

त्याच्यासमोर नमायचं नाही, हे पक्कं. चूक एका नोंदीपुरती मान्य करायची. कारकूनचा विषय निघालाच पाहिजे.

२१ मार्च, शनिवार

अकरा वाजता आला. वाळला आहे. टोपी घालतो आता. दारात मी 'ये' म्हटलं, त्याने 'हं' म्हटलं, बायको दोघांकडे बघून चहा ठेवायला गेली.

पेन ड्राइव्हबरोबर त्याने पत्र्याचा डबा आणला होता. आईचा. वाटलं, मला द्यायला आणला. त्याने त्यातून एक प्लॅस्टिकचं पाकीट काढलं, त्यात अर्ध्या हाताएवढा कागद. प्रसूतिगृहाची चिठ्ठी. जांभळी शाई. मुलगी, वजन, तारीख, पहाटेची वेळ. बस. ती होती याचा दुसरा कागद जगात कुठे नाही.

म्हणाला, "आईने सांगितलं होतं, धाकट्याला कळू देऊ नकोस. ही शाई पाण्याने पसरते."

मग त्याने भिंतीकडे पाहिलं. दोन्ही कॅलेंडरांकडे पाहिलं. उजवीकडचं कॅलेंडर खालून फुगलं होतं. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, माझ्याकडे उत्तर तयार होतं. गेली नऊ वर्षं तयार होतं.

दुपारभर बसलो. त्याची फाइल रिकाम्या झाडात उघडली, माझं बिघडलेलं झाड शेजारी, आणि एकेक नाव ताडून पाहिलं. एकूण वीस जोड्या चुकीच्या निघाल्या. काका-पुतणे एक झालेले, एक मावशी स्वतःचीच सून. थोरला प्रत्येक ठिकाणी भूगोलाच्या तासाला नकाशा दाखवतात तसा पडद्यावर बोट टेकवून दाखवत होता. डाग पडले. आजोबांची नोंद नव्याने केली, दोघांची एक झालेली जुनी नोंद थोरल्याच्या नावावर राहू दिली.

शेवटी तिची. तारीख त्याने चिठ्ठीवरून वाचली, मी टाइप केली. लगेच प्रोग्रॅमने विचारलं, संभाव्य एकच व्यक्ती? डावीकडे मी, उजवीकडे ती. थोरल्याने माझ्याकडे पाहिलं. मी 'वेगळ्या व्यक्ती' दाबलं.

मला म्हणायचं होतं की सहा वर्षांच्या मुलाचा डोळा लागतोच. तोंडातून निघालं, "तू मला कारकून लिहिलंस." तो म्हणाला की तुला नोकरी लागली त्या दिवशी मी लिहून ठेवलं होतं, मग बदलायचं राहिलं. माझ्या नोकरीचा पहिला दिवस, वार, किती वाजता घरी आलो, सगळं त्याच्या नोंदीत आहे. मी पहिली ओळ वाचून चिडलो होतो. झाडात माझी नोंद त्याचीच ठेवली.

जाताना डबा घेऊन गेला. मी अडवलं नाही.

२२ मार्च, रविवार

ग्रुपवर 'दुरुस्तीपत्रक क्रमांक दोन'. एकच ओळ: 'क्रमांक एक रद्द समजावे, चूक माझी.' आत्याच्या सुनेने थोरल्याला पुन्हा ग्रुपमध्ये घेतलं. त्याने अंगठा दिला.

बायको म्हणाली, चार शब्द जास्त लिहिले असते तर पोट दुखलं असतं का? जास्त लिहिलं की चुका होतात.

२४ मार्च, मंगळवार

फाइल छपाईवाल्याकडे. ६९९ माणसं. तीनदा तपासली. यावेळी बॅकअप ठेवला आहे. एकच, पण ठेवला आहे.

२९ मार्च, रविवार

कार्यक्रम छान झाला. कागद आठ फूट लांब, हॉलच्या पूर्ण भिंतीवर. आत्याला खुर्चीसकट समोर नेलं. तिने भिंग घेतलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आजोबांपासून. आमच्या घरापर्यंत आली तेव्हा थोरला माझ्या शेजारी उभा होता. आत्याने तीन नावं वाचायच्या ऐवजी मधल्या रिकाम्या चौकटीवर हात ठेवला, तसाच ठेवला.

मग भिंग डावीकडे नेऊन तिने थोरल्याचं नाव वाचलं. व्यवसाय, शिक्षक. आणि खाली, त्याच आवाजात, "टक्कल."

तीनदा तपासली होती मी. मृत्यू, जन्म, लग्नं. खुणांचा रकाना बघितलाच नव्हता.

बेचाळीस माणसं. थोरल्याने टोपी काढली, सगळ्यांना डोकं दाखवलं, आणि म्हणाला, "एवढी एक नोंद याने बरोबर केली आहे." लोक इतके हसले की आत्याला पाणी द्यावं लागलं. मी सूड घेतला आणि टाळ्या त्याला पडल्या. हे नेहमीचंच आहे.

निघताना प्रश्न आला, कागद कोणाकडे ठेवायचा. सगळे आमच्याकडे बघू लागले. थोरला म्हणाला, "तुझ्याकडे," आणि थांबला.

मी म्हटलं, "माझ्याकडे ओल येते. तू घेऊन जा."

माझ्याच तोंडून. साक्षीदारांसमोर. गुंडाळी करून त्याच्या रिक्षात ठेवायला मदतही केली.

रात्री ९.३०

कपाट ओढून बघितलं. भिंतीतला पाइप गळतोय. आजचा नाही, नऊ-दहा वर्षांचा तरी असेल. उद्या प्लंबरला बोलवायचं. तो माझ्याच खात्यातला आहे, सगळीकडे सांगेल. सांगू दे.

त्यानंतर छपाईवाल्याकडे जाऊन त्याच कागदाची दुसरी प्रत सांगायची. भिंत वाळली की लावेन. तो विचारेल, काही दुरुस्ती आहे का. माझ्या नावाखाली 'कारकून' तसंच राहू दे म्हणून सांगायचं.

'टक्कल' तर मुळीच काढायचं नाही.